कोणाच्या वहीतला आकडा?

तुलना केल्याशिवाय आपल्याला करमत नाही, हे एकदा मान्य करून टाकू या. दहावीचा निकाल लागला की पेढ्याच्या आधी टक्के विचारले जातात. शेजारच्या मुलाला ९१ आणि आपल्याला ८८! मग ते तीन टक्के आठवडाभर घरात सगळ्यांच्या तोंडावर दिसत राहतात. कोणाला शिकवणी होती, कोण सकाळी पाण्याचे हंडे भरून मग शाळेत जात होतं, हे कोणी विचारत नाही. आकडा बोलला की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

आज अशाच एका तुलनेबद्दल लिहायचं आहे. ती आहे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन फलंदाजांची. ‘बेसबॉलचं आणि आमचं काय देणंघेणं?’ असं तुम्ही म्हणाल आणि ते रास्तच आहे. मलाही या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाचा तिकडे नोकरीला आहे, त्याच्याशी फोनवर बोलताना विषय निघाला आणि मग मी वाचतच गेले. खेळ अजूनही पुरता समजलेला नाही. पण त्याच्यामागची हिशेबाची वही मात्र चांगलीच समजली.

झालं असं, की २९ मे २०२४ या दिवशी अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने आपल्या अधिकृत विक्रमांची यादी बदलली. आयुष्यभराच्या फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉब हे नाव पिढ्यान्‌पिढ्या पहिलं होतं. तिथल्या शाळकरी पोरांना ते पाढ्यासारखं पाठ. त्या जागी नाव आलं जॉश गिब्सनचं. कॉबला जाऊन तेव्हा जवळजवळ ६३ वर्षं झाली होती आणि गिब्सनला ७७. दोघंही मैदानावर नसताना पहिला दुसरा झाला! तिथे केवढा गदारोळ उठला असेल, याची कल्पना करा. सचिनचं नाव कुठल्याशा यादीतून एका रात्रीत खाली सरकलं, तर आपल्याकडे काय होईल?

आधी ही सरासरी म्हणजे काय ते सांगते. क्रिकेटमध्ये आपण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. फलंदाज किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि त्यातल्या किती वेळा स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर पोचला, एवढंच बघतात. समोरच्याने वाईट चेंडू टाकले म्हणून फुकटात बेस मिळाला, तर ती वेळ हिशेबात धरत नाहीत. दहातून तीनदा जमलं तरी तो उत्तम फलंदाज. म्हणजे दहापैकी सात वेळा फसणारा तिथे हिरो ठरतो! (हा न्याय आपल्या स्वयंपाकाला कधी लावला जाईल का? एकदा मीठ जास्त झालं तर वर्षभर ऐकावं लागतं.) कॉबचा अधिकृत आकडा हजारात ३६७ आणि गिब्सनचा हजारात ३७२. फरक हजारात पाचाचा. एवढ्याशा फरकावरून रान पेटलं.

आता हे दोघं कोण होते ते बघू. गंमत म्हणजे दोघंही जॉर्जिया या एकाच दक्षिणेकडच्या राज्यात जन्मले. कॉब १८ डिसेंबर १८८६चा आणि गिब्सन २१ डिसेंबर १९११चा. एकाच मातीतले, मध्ये पंचवीस वर्षं. पण एक गोरा आणि एक काळा. पुढचं सगळं त्या एका गोष्टीने ठरवलं.

कॉब १९०५ ते १९२८ असे २४ हंगाम खेळला, बहुतेक काळ डेट्रॉइटच्या संघाकडून. अकरा हजारांहून जास्त वेळा तो बॅट घेऊन उभा राहिला. त्याचे ४,१९१ यशस्वी फटके हा विक्रम १९८५ साली पीट रोझने मोडेपर्यंत टिकला. १९३६मध्ये बेसबॉलचं हॉल ऑफ फेम सुरू झालं, तेव्हा २२६पैकी २२२ मतं कॉबला पडली. बेब रूथपेक्षाही जास्त. स्वभावाने भांडकुदळ, मैदानावर कोणाला न जुमानणारा. त्याच्या वर्णद्वेषाच्या पुष्कळ कथा सांगितल्या गेल्या. त्यातल्या काही तिखटमीठ लावून रंगवलेल्या होत्या, असं अलीकडच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. १९५२मध्ये त्याने काळ्या खेळाडूंना संघांत घेण्याला उघड पाठिंबा दिला होता आणि १९५३मध्ये गरीब मुलांच्या शिक्षणासाठी निधीही उभारला. तेव्हा मला इथे कॉबला खलनायक करायचं नाही. माझं भांडण त्याच्याशी नाही, वहीशी आहे.

कारण ती वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे समजत होते. पण १९१० सालची हकिगत ऐका. त्या वर्षी चामर्स नावाच्या मोटार कंपनीने जाहीर केलं, की ज्याची सरासरी सगळ्यांत जास्त त्याला एक मोटार बक्षीस. चुरस लागली कॉब आणि क्लीव्हलँडच्या नॅप लाजवे यांच्यात. कॉब अनेकांच्या डोळ्यांत खुपत होता. शेवटच्या दिवशी लाजवेचे दोन सामने सेंट लुईसच्या संघाशी होते. तिथल्या मॅनेजरने आपल्या एका क्षेत्ररक्षकाला मुद्दाम खूप मागे उभं केलं, म्हणजे लाजवेने नुसती बॅट लावून चेंडू पायाशी ढकलला तरी त्याला आरामात बेस गाठता यावा. लाजवेने एका दिवसात आठ फटके नोंदवले! बोभाटा झाला, मॅनेजरची नोकरी गेली. लीगच्या अध्यक्षांनी कॉबला पुसटशा फरकाने विजयी ठरवलं आणि कंपनीने दोघांनाही एकेक मोटार देऊन वाद मिटवला.

पण खरी गंमत पुढेच आहे. १९८१मध्ये उघडकीला आलं, की त्या वर्षीचा कॉबचा एक सामना वहीत दोनदा चढला होता. दोन फटके जास्तीचे! ते वजा केले तर त्या वर्षीचा पहिला नंबर लाजवेचा. मग दुरुस्ती केली का? नाही. तेव्हाच्या आयुक्तांनी ती नाकारली. आजही मेजर लीगच्या नोंदीत ४,१९१च आहे आणि बरेच अभ्यासक ४,१८९ म्हणतात. किराणावाल्याने साखर दोनदा लावली तर आपण दुकानात परत जाऊन बिल बदलून घेतो की नाही? इथे चूक सापडूनही बिल तसंच ठेवलं. ज्या आकड्याला सगळं जग प्रमाण मानत होतं, त्याची ही कथा.

आता गिब्सन. त्याच्या वडिलांना पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात काम मिळालं, म्हणून घर जॉर्जिया सोडून तिकडे गेलं. पोरगा अंगापिंडाने दणकट. १९३०मध्ये, अठराव्या वर्षी, होमस्टेड ग्रेज या काळ्या खेळाडूंच्या नावाजलेल्या संघात आला. त्याच वर्षी त्याची तरुण बायको हेलन जुळ्यांच्या बाळंतपणात गेली. मुलगा आणि मुलगी दोन्ही वाचली. ती आजोळी वाढली आणि बाप संघाच्या बसमधून गावोगाव खेळत फिरत राहिला. बेसबॉलवरच्या मजकुरात ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते. मी मात्र तिथे बराच वेळ अडखळले. लेक गेलेली आणि तिची दोन तान्ही लेकरं पदरात... त्या आजीने रात्री किती जागवल्या असतील!

गिब्सन कॅचर होता, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजाच्या मागे तासन्‌तास उकिडवा बसणारा. गुडघ्यांचं भुस्कट पाडणारं काम. तरी बॅट हातात आली की चेंडू मैदानाबाहेर. लोक त्याला ‘काळा बेब रूथ’ म्हणायचे. काही जण उलट रूथलाच ‘गोरा जॉश गिब्सन’ म्हणायचे, ते मला जास्त आवडलं.

पण गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. गंमत म्हणजे तसा लेखी नियम कुठेच नव्हता. सगळ्या मालकांना ठाऊक असलेलं, कोणीच मोठ्याने न बोललेलं ते एक ठरलेलं होतं. आपल्याकडेही कितीतरी नियम असेच असतात, नाही का? काळ्यांनी मग आपल्या वेगळ्या लीग काढल्या. त्यांचं नावच नीग्रो लीग. हा शब्द आज कोणी माणसांसाठी वापरत नाही, पण इतिहासातलं नाव म्हणून तो राहिला आहे. हॉटेलं खोली देत नसत, म्हणून खेळाडू बसमध्येच झोपायचे. लीगचे सामने कमी, कारण पोटासाठी गावोगाव प्रदर्शनी सामने खेळावे लागत. गोऱ्यांचा हंगाम १५४ सामन्यांचा, यांचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. हिवाळ्यात गिब्सन क्यूबा, प्वेर्तो रिको इथे जाऊन खेळायचा. ते कशातच धरलेलं नाही.

२० जानेवारी १९४७ला तो वारला. वय अवघं ३५. तीन महिनेही झाले नाहीत तोच, १५ एप्रिल १९४७ला, जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला आणि ते न बोललेलं बंधन तुटलं. गिब्सनच्या थडग्यावर कित्येक वर्षं साधा नावाचा दगडही नव्हता. हॉल ऑफ फेममध्ये त्याच्या नावाची पाटी लागली १९७२मध्ये आणि थडग्यावर दगड आला १९७५मध्ये. हा क्रम परत एकदा वाचा.

मग त्याचे आकडे कुठे होते? १९६९मध्ये मेजर लीगने एक समिती नेमली होती, कोणकोणत्या जुन्या लीगना ‘मेजर’ धरायचं ते ठरवायला. पाचही सदस्य गोरे. त्यांनी १८८४मध्ये एकच हंगाम चाललेली एक लीगसुद्धा यादीत घेतली, पण नीग्रो लीगचा विचारच केला नाही. पुढे कोणी विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘त्यांच्या नोंदी अपुऱ्या आहेत हो!’

नोंदी होत्या, पण विखुरलेल्या. ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ अशी काळ्या समाजाची साप्ताहिकं होती. त्यांत सामन्यांचे धावफलक छापून येत. कधी पूर्ण, कधी अर्धे. लॅरी लेस्टरसारख्या संशोधकांनी आयुष्याची कितीतरी वर्षं वाचनालयांत घालवून ते एकेक करून गोळा केले, एकमेकांशी ताडून पाहिले. कोणी पगार देत नव्हतं तेव्हाही हे काम चालू होतं. अखेर डिसेंबर २०२०मध्ये मेजर लीगने मान्य केलं, की १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीग ‘मेजर’च होत्या. त्यांत सुमारे ३,४०० खेळाडू येतात. करोनाच्या त्या वर्षी मेजर लीगचा स्वतःचाच हंगाम ६० सामन्यांवर आला होता. आपला ६० सामन्यांचा हंगाम खरा, मग त्यांचा का खोटा? पुढची साडेतीन वर्षं हिशेब जुळवण्यात गेली आणि मे २०२४मध्ये नवी यादी आली. तीत गिब्सनच्या १९४३च्या हंगामाची सरासरी हजारात ४६६ निघाली. आधीचा उच्चांक १८९४ सालचा, ह्यू डफीचा, ४४० होता. लांब पल्ल्याच्या फटक्यांचा जो वेगळा गुणांक असतो, त्यातही गिब्सनने बेब रूथला मागे टाकलं.

आता आक्षेप. तो खोटा नाही, म्हणून नीट सांगते. कॉब अकरा हजारांहून जास्त वेळा खेळायला उभा राहिला; गिब्सनच्या सापडलेल्या नोंदी अडीच हजारही भरत नाहीत. नीग्रो लीगवाल्यांसाठी यादीत येण्याची किमान अटही कमी ठेवली. थोड्या डावांत सरासरी उंच ठेवणं सोपं असतं, हे क्रिकेट बघणाऱ्या कोणालाही कळतं. चाळिशीनंतर हात जड होतात, नजर मंदावते आणि सरासरी घसरते. गिब्सनला चाळिशी बघायलाच मिळाली नाही. सगळं कबूल.

पण मैत्रिणींनो, कमी वेळा उभा राहिला, ते कोणामुळे? ज्यांनी दार लावून घेतलं त्यांनीच ‘हा आत फारसा दिसला नाही’ म्हणायचं, हे काही पटत नाही. दुसरं म्हणजे, कॉबच्या आकड्याकडेही त्याच नजरेने बघायला हवं. त्याच्या काळात स्मोकी जो विल्यम्ससारखे जबरदस्त काळे पिचर होते. लीगच्या सामन्यात कॉबला त्यांच्यासमोर कधी उभं राहावंच लागलं नाही. १९१०च्या शेवटी डेट्रॉइटचा संघ क्यूबाला गेला, तेव्हा तिथल्या संघात काही काळे अमेरिकन खेळाडू होते. त्या मोजक्या सामन्यांत जॉन हेन्री लॉइडची सरासरी कॉबपेक्षा वर होती. म्हणजे गिब्सनचा आकडा अर्ध्या मैदानावरचा असेल, तर कॉबचाही अर्ध्याच मैदानावरचा. फक्त एकाला ‘अपुरा’ म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला ‘विक्रम’.

आणि हे कोणी मेहरबानी म्हणून वाढवून दिलेलं नाही. गिब्सनच्या हॉल ऑफ फेमच्या पाटीवर जवळजवळ ८०० होम रन लिहिले आहेत. नव्या अधिकृत यादीत ते दोनशेही नाहीत! कारण लीगचा सामना आणि सापडलेला धावफलक, एवढंच धरलं आहे. बाकीचं सगळं सोडून देऊन जे उरलं, त्यात तो पहिला आला. म्हणून मला वाटतं, त्याचं नाव वर आहे ते योग्य जागी आहे.

क्रिकेटमध्ये असं होत नाही, अशा भ्रमात राहू नका. फेब्रुवारी २०१०मध्ये ग्वाल्हेरला सचिनने २०० धावा केल्या आणि ‘एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक’ म्हणून आपण पेढे वाटले. पुरुषांमधलं पहिलं, हे अगदी खरं. पण त्याच्या बारा वर्षं आधी, डिसेंबर १९९७मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा काढल्या होत्या. आणि कुठे, माहीत आहे? मुंबईत, वांद्रे पूर्वेच्या एमआयजी मैदानावर. सचिन लहानाचा मोठा झाला ती साहित्य सहवास वसाहत तिथून जवळच! विश्वचषकाचंही तेच. पुरुषांचा पहिला १९७५चा आणि बायकांचा १९७३चा, दोन वर्षं आधी. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मात्र ‘पहिला विश्वचषक – १९७५’ एवढंच छापतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या वस्तीवर माझं थोडंफार काम असतं. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल नवरा घेतो, मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून ट्रकपर्यंत नेते आणि वर पहाटेचा स्वयंपाक तिचाच. हिशेब निघतो तो कोयत्याचा आणि टनाचा. तिच्या वाट्याचे टन किती, हे कोणाला सांगता येणार नाही. कारण तसा रकानाच नाही. उद्या एखाद्या अभ्यासकाने तिची आणि नवऱ्याची तुलना करायची ठरवली, तर तोही बहुतेक म्हणेल, ‘नोंदी अपुऱ्या आहेत.’

नीग्रो लीगमध्येही बायका होत्या, आणि नुसत्या प्रेक्षकांत नाही. न्यूअर्क ईगल्स या संघाच्या सहमालक एफा मॅन्ली. पगार, करार, हिशेब सगळं या बाई बघायच्या. त्यांच्या संघाने १९४६चं अजिंक्यपद जिंकलं. पुढे गोरे संघ काळ्या संघांतले खेळाडू एक डॉलरही न देता उचलू लागले, तेव्हा या बाई अडून बसल्या. १९४७मध्ये लॅरी डोबी क्लीव्हलँडला गेला तो १५ हजार डॉलर मोजून घेऊनच. २००६मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तिथे गेलेल्या त्या आजवरच्या एकमेव स्त्री आहेत.

आणि खेळणाऱ्याही होत्या. १९५३मध्ये टोनी स्टोन ही काळी मुलगी इंडियानापोलिस क्लाउन्स या नीग्रो लीगच्या संघातून पुरुषांबरोबर खेळली. आदल्या वर्षीपर्यंत त्याच संघात हँक ऍरन होता, ज्याने पुढे बेब रूथचा होम रनचा विक्रम मोडला. तिला स्कर्ट घालून खेळायला सांगितलं, तर तिने साफ नकार दिला. तिच्या मागोमाग मेमी जॉन्सन आणि कॉनी मॉर्गन आल्या. मेमी तर पिचर, पुरुषांना बाद करणारी! तेव्हा अमेरिकेत बायकांची वेगळी व्यावसायिक लीगही होती, १९४३ ते १९५४. पण ती गोऱ्या बायकांची. मेमी तिथे निवड चाचणीला गेली, तर तिला परत पाठवलं होतं.

या तिघींचे आकडे मात्र नव्या यादीत नाहीत. मान्यता १९४८पर्यंतच, आणि या तिघी खेळल्या १९५३-५४मध्ये. यावर उत्तर असं देतात, की १९४८नंतर चांगले काळे खेळाडू मेजर लीगकडे गेले आणि नीग्रो लीगचा दर्जा उतरला. ते खरंही असेल. पण म्हणून टोनीची नोंद कुठेच नको? कॉब आणि गिब्सनच्या शेजारी तिला बसवा, असं मी म्हणत नाही. त्याच यादीच्या मागे एक वेगळं पान जोडा आणि त्यावर तिघींचे सामने, फटके, बाद केलेले फलंदाज, जेवढं सापडेल तेवढं लिहा. तेव्हाची वर्तमानपत्रं तर आहेतच.